वीज वाचवणारी मोटार आणि उडालेले ट्रे

तीर्थरूप मामांना नमस्कार.

तुमची कंबर आता बरी असेल, मामींनी लेथपाशी उभं राहू नका असं बजावलं असेल आणि तुम्ही उभेच असाल, असं धरून चालते. इकडे तब्येती ठीक आहेत. बाकी काही ठीक नाही. आईने तुम्हाला फोनवर सांगितलं, पण ती मधे मधे रडत होती, म्हणून घडलं ते क्रमाने देते.

१. वाळवणी भट्टीच्या पहिल्या पंख्याची मोटार जळली.
२. मी कमी वीज खाणारी नवी मोटार निवडली.
३. काकांनी ती मान्य केली आणि तिच्या दुप्पट मोठी मागवली.
४. पंखा जोरात फिरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
५. अंड्यांचे ट्रे उडाले.
६. त्या पंख्याचा वीजखर्च वाढला.
७. मला गोदामात ट्रे मोजायला बसवायचं ठरलं.

आता सविस्तर. जुनी मोटार तीनदा आतली तार नव्याने भरून आणलेली होती. भरणारा दर वेळी ‘नव्यासारखी झाली’ म्हणायचा आणि दर वेळी ती थोडी अधिक तापायची. तिच्यात जाणाऱ्या विजेचा जवळजवळ पाचवा हिस्सा नुसत्या उष्णतेत जात होता. (कामगार जेवणाचे डबे तिच्यावर गरम करायचे. तिच्या बाजूने काकांनी मांडलेला हा एकमेव मुद्दा.) मोटार विकत घेताना जो खर्च होतो तो किरकोळ, ती पुढे वर्षानुवर्षं जी वीज खाते तो खरा खर्च, हे मी काकांना समजावलं. ते म्हणाले, “बायकोचंही तसंच असतं.” काकू मागेच उभ्या होत्या. त्या दिवशी ऑफिसात चहा आला नाही, आणि मला वाटतं त्या धक्क्यातच काकांनी होकार दिला.

मी आठवडाभर मीटर लावून पंख्याला किती ताकद लागते ते मोजलं. साडेसात किलोवॅटची मोटार पुरेशी होती, आणि त्यात मी स्वतः थोडी जास्तीची ताकद धरलेलीच होती. मग फोरमन (त्यांना सगळे मास्तर म्हणतात) म्हणाले, “ताई, उद्या पंखा जाम झाला तर? थोडं वर धरू.” खरेदीवाल्याने त्यावर थोडं धरलं, कारण मास्तरांनी धरलंय म्हणजे काहीतरी असणार. शेवटी कागद काकांकडे गेला. “अकरा? अगं, शेजारच्या कारखान्यात पंधराची आहे!” शेजारच्या कारखान्यात दगड फोडतात. आपण रद्दीच्या लगद्याचे ट्रे वाळवतो. पंधराची आली.

(पुढचा भाग तुम्हाला माहीत आहे, पण तो मी इथे कोणालाच पूर्ण सांगू शकलेले नाही, म्हणून लिहिते.) जुनी मोटार ओझ्याखाली रेंगाळायची, मिनिटाला चौदाशे दहा फेरे. नवीला ते ओझं म्हणजे काहीच नाही. ती चौदाशे ऐंशीच्या वर फिरते. फरक पाच टक्क्यांचा, पण पंख्याचा स्वभाव असा की वेग पाच टक्के वाढला की तो वीज सोळा टक्के जास्त मागतो. मोटारीने वाचवलं त्याहून पंख्याने जास्त खाल्लं. उपाय अगदी साधा आहे. मोटारीवरची, पंख्याचा पट्टा ओढणारी पुली थोडी लहान बसवायची, की पंखा पूर्वीच्या वेगावर येतो. हे मी मोटार मागवण्याआधी सांगितलं, बसवताना सांगितलं आणि ट्रे उडत असताना ओरडून सांगितलं. पुली तीच राहिली. तिच्याबद्दल शेवटी लिहीन.

ट्रे असे उडाले. भट्टीच्या शेवटच्या टप्प्यात ते सुकून हलके झालेले असतात. पूर्वी नुसते थरथरायचे. आता एकेक ट्रे पट्ट्यावर उठून उभा राहू लागला, सभेत प्रश्न विचारायचा असल्यासारखा, आणि मग मागच्यावर कोसळू लागला. नेमकं त्याच वेळी आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, कोंबड्यांच्या फार्मचे मालक, काकांबरोबर आत आले. त्यांच्या छातीवर एक ट्रे येऊन बसला. त्यांनी तो हातात तोलला आणि म्हणाले, “माल हलका आहे तुमचा.”

काकांनी त्यावर उपाय काढला: ट्रे जाड करा. जाड ट्रेला लगदा जास्त, लगद्यात पाणी जास्त, ते वाळवायला हवा जास्त. एवढं बोलून मी थांबले, कारण ‘हवा जास्त’ ऐकून काकांचा चेहरा उजळला होता. जाड ट्रे उडाले नाहीत, ओलेच बाहेर आले. चुलतभावाने सगळ्यांसमोर निष्कर्ष काढला: “शिकलेलं माणूस घरात ठेवलं की बिल वाढतं.” मास्तर हसले, मग माझ्याकडे बघून खोकले.

येत्या सोमवारी जुनी मोटार चौथ्यांदा भरून परत येते आणि तीच बसणार आहे. उरलेल्या पाच पंख्यांच्या मोटारी बदलण्याची माझी योजना त्याच दिवशी संपेल, आणि मी गोदामात जाईन. तिथे एक खुर्ची आहे आणि खिडकी नाही. एकदा बसले की मला भट्टीकडे परत कोणी बोलावणार नाही. तुम्ही काळजी करू नये. मीही करत नाही. काळजी करायला थोडी आशा लागते.

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. ती पुली तुमची आहे. कारखाना सुरू झाला तेव्हा तुम्ही स्वतः करून दिलेली. काका म्हणतात, “वहिनीच्या भावाने प्रेमाने दिलेली वस्तू काढून टाकली, तर वहिनीला तोंड कसं दाखवू?” मी वहिनीला, म्हणजे आईला, विचारलं. ती म्हणाली, “काढा की, माझं काय आहे,” आणि रडली. त्यामुळे पुली निघत नाही. ती चुकीची आहे असं या घरात फक्त एकच माणूस म्हणू शकतो, आणि त्याची कंबर दुखते आहे.

आणखी एक. पुली उत्तम आहे, हे आपल्या दोघांत. काकांना मात्र फोन करून सांगा की ती मुळातच मोठी झाली होती आणि इतकी वर्षं ते तुमच्या मनाला लागून राहिलं आहे. मग या दोनशेच्या जागी एकशे नव्वद मिलिमीटरची नवी पाठवा. एकशे पंचाण्णवची नको. ‘जरा मोठीच असू दे’ हे माझ्याकडे दोन्ही घराण्यांतून आलं आहे, याची मला कल्पना आहे.

शेवटचं. नव्या मोटारीचा दांडा बेचाळीस मिलिमीटरचा आहे. तुमच्या पुलीचं भोक त्याच्याहून लहान होतं. ती त्यावर कशी बसवली ते कृपया विचारू नका.

काकांना फोन करणार की नाही, ते मला शनिवारपर्यंत कळवा.