प्रयागबाईच्या मृत्यूचे नोंदवलेले कारण

प्रति,
मा. पंचायत सचिव तथा जन्म-मृत्यू निबंधक,
ग्रामपंचायत सोनबर्डी खुर्द, जि. आदिलाबाद.

विषय : मयत प्रयागबाई डोमाजी तामगाडगे (वय ५३) यांच्या मृत्यूनोंदीतील ‘कापसाचा खोकला’ हे कारण बदलून ‘न्यूमोनिया’ लिहिणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील आपले एकच तेलुगू उत्तर.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार मयताचा धाकटा भाऊ असून आदिलाबाद येथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो.

१. वेचणीच्या दिवसांत आपल्याकडे प्रत्येक खोकला कापसाचाच ठरतो आणि छाती तपासायची राहून जाते. परंतु कापसाच्या धुळीने थुंकी गंजाच्या रंगाची होत नाही. मयताच्या पदराला लागलेला तसा बेडका अर्जदाराने अंत्यविधीनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जंतू जोडीजोडीने होते, न्यूमोनियाचे असतात तसे.

२. श्वासनलिकेच्या अस्तरावरील अतिसूक्ष्म केस अखंड हलत कफ व धूळ घशाकडे लोटतात. हे जंतू अस्तराला चिकटून त्या केसांची हालचाल मंदावतात. मग त्यांच्या विषाने पेशींच्या आवरणांना भोके पडतात, पेशींमधील सांधे सुटतात, अस्तर सोलून निघते आणि फुप्फुसात पाणी भरते. यासाठी त्यांना कोणत्याही कार्यालयाची मंजुरी लागत नाही.

३. आपल्या मते पदर हा दस्तऐवज नव्हे. डॉक्टरांचा दाखला हवा. डॉक्टरांच्या मते तपासल्याशिवाय दाखला देता येत नाही, सबब रुग्णास समक्ष आणावे. रुग्णास आणणे अर्जदारास शक्य झाल्यास तो दाखला मागणार नाही.

४. हे कारण नोंदवहीत कसे आले, ते मागील अर्जांत लिहिलेले नाही. तापाच्या तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला, तेव्हा अर्जदार याच जंतूंवरील उत्तरपत्रिका तपासत होता. ती म्हणाली, “बाबू, तू त शिकला हायस. हा कापसाचाच खोकला व्हय नं? श्वास घेतला का बरगडीत टोचून राह्यलं.” कापसाचाच आहे, गरम पाणी पी, असे सांगून त्याने फोन ठेवला. शेजारचे सुधाकरराव तिला दवाखान्यात न्यायला मोटारसायकल घेऊन दारात उभे होते. भावाने सांगितले, असे म्हणून तिने त्यांना परत पाठवले. पाचव्या दिवशी ती गेली, आणि नोंदीच्या वेळीही अर्जदाराने तेच कारण सांगितले.

तरी कारण दुरुस्त व्हावे. खबर देणाऱ्याच्या रकान्यातील अर्जदाराचे नाव मात्र तसेच राहू द्यावे, ही विनंती.

दुरुस्तीच्या प्रतीक्षेत, आपला नम्र,
राजकुमार डोमाजी तामगाडगे
दि. १९ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. मृत्यूनोंदीचा उतारा
२. काचपट्टीची छायाचित्रे
३. सदर फोनची नोंद (एक मिनिट अकरा सेकंद)