ज्वारीच्या शेवया आणि नानांचं घड्याळ

मल्हारगंज, इंदूर
१८ ऑक्टोबर १९६४

प्रिय अक्का,
तुझ्या धाकट्याचा नमस्कार. ग्वाल्हेरला भावजी, मुलं ठीक ना?

इथं काळजीचं काही नाही. डॉक्टरसाहेबांनी सुहासिनीचा गहू बंद केल्यापासून मीच तुझ्या या भावजयीसाठी ज्वारीच्या शेवया उकडतो. अडीच मिनिटांवर गेल्या की लगदा होतो. माझा घड्याळं जमवायचा नाद शेवटी कामी आला बघ! आपल्या नानांचं रेसकोर्सवालं घड्याळ काढलं. बटण दाबलं की काटा सुटतो, पुन्हा दाबलं की थांबतो. तू हसशील, भाऊ स्टोव्हपाशी घड्याळ धरून उभा.

दसऱ्याला नानांच्या रीतीनं सगळी घड्याळं तलवारीशेजारी मांडून पुजली. सुहासिनीनं पडल्यापडल्याच हळदकुंकू वाहिलं.

तिच्या जेवणालाही मी घड्याळ लावतो. आधी वाटी बारा मिनिटांत संपायची. आता चार घासांना चाळीस लागतात. तिला मी बाराच सांगतो. काल म्हणाली, "रहने दो जी, मला काटा दिसतो."

डॉक्टरसाहेब म्हणतात, आता पथ्य नको, आवडेल ते खाऊ द्या. तेव्हा येताना तुझ्या हातच्या गव्हाच्या शेवया आण. पत्र मिळताच निघ.

तुझा
लक्ष्मण