बाईंच्या सीड्या आणि तुझी आई

प्रिय प्राची,

बाबांचं पत्र आलं म्हणून तू आधी घाबरशील, तेव्हा पहिल्यांदा सांगतो, घरी सगळं ठीक आहे. वांग्याचा तोडा परवाच झाला. माझा गुडघा कुरकुर करतो, पण चालतो. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर अवघड बोलायची वेळ आली की मी पाऊसपाण्याचा विषय काढतो, हे तुलाही माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो.

आपल्या सोनाळ्याच्या शाळेतल्या सरस्वतीबाई आठवतात ना? तुला पहिलीत हात धरून त्यांनीच गिरवायला शिकवलं, आणि तुझ्या आईलाही त्यांनीच शिकवलं. त्यांना मूलबाळ नाही. आता पंचाहत्तरी झाली, काचबिंदूने नजर गेल्यासारखीच आहे, म्हणून भाचा त्यांना कायमचं अमरावतीला घेऊन जाणार होता. जायच्या आधी बाईंची एकच इच्छा होती. शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या सीड्या एकदा बघायच्या, आणि त्याही इथेच, सोनाळ्यात. "तिकडं गेल्यावर ही पोरं कोन, हे मी कोनाले सांगू?" असं म्हणायच्या.

जुन्या सीड्यांवर इतके ओरखडे पडले होते, की दोन मिनिटं चालून अडकायच्या. भाच्याने शहरातल्या एका दुकानातून त्यातली सगळी चित्रं काढून घेतली आणि एका नव्या कोऱ्या डिस्कवर भरून आणली. बाईंच्या प्लेअरमध्ये ती डिस्क घातली, तर पडद्यावर अक्षरं आली, 'डिस्क नाही'. चार वेळा काढली, पुसली, घातली. तेच. मोबाइलवर बाईंना काही दिसत नाही. त्यांचा तो जुना जाडजूड टीव्ही, त्याच्यासमोर हातभर अंतरावर खुर्ची ओढून बसल्या तरच चेहरे ओळखू येतात. आणि त्या टीव्हीला प्लेअरच्या तीन रंगांच्या वायरींशिवाय दुसरं काही जोडता येत नाही. दुकानदार फोनवर म्हणाला, प्लेअर जुना झाला, फेकून द्या. बाई डिस्क मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

तुझी आई मेथीची जुडी द्यायला गेली होती आणि मी सोबत होतो. ती म्हणाली, "बाई, मी पाहू का?" मी हसलो, प्राची. सगळ्यांसमोर हसलो. म्हटलं, "तुले काय समजते त्यातलं?" तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डिस्क आणि प्लेअर दोन्ही पिशवीत घालून घरी घेऊन आली.

तुझ्या कॉलेजचा तो जाड लॅपटॉप माळ्यावरून काढला. आधी तिने प्लेअरमध्ये आपल्या घरातली एक जुनी भजनाची सीडी लावून पाहिली. चालली. म्हणजे प्लेअर बिघडलेला नाही. मग नवी डिस्क लॅपटॉपमध्ये घातली. तीही चालली. म्हणजे डिस्कही चांगली आहे. मला म्हणाली, "दोघंही बरोबर हायेत. दोघायची भाषा एक नाही, एवढंच." मला तेव्हा तो विनोद वाटला.

पुढचे आठ दिवस मी जे पाहिलं ते मला नीट सांगताही येणार नाही. दुपारी शेतातून आली की हातपाय धुऊन लॅपटॉपसमोर. मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ लावायची, थांबवायची, तुझ्या जुन्या वहीत लिहून घ्यायची. पहिली गोष्ट तिला कळली ती अशी, की दुकानदाराने डिस्क भरली पण शेवटी बंद केलीच नव्हती. तशी उघडी राहिलेली डिस्क कॉम्प्युटर वाचतो, पण असल्या प्लेअरला ती दिसतच नाही. तिने दुसरी डिस्क भरून नीट बंद केली. आता फाइलींची नावं दिसू लागली, पण बटण दाबलं की नुसता आवाज, पडदा काळा. दुकानदाराला पुन्हा फोन केला, तर तो म्हणाला, फाइलच्या नावाचं टिंबापुढचं शेपूट बदला. हिने फोन ठेवला आणि म्हणाली, "पोत्यावर गहू लिहिलं म्हणून आतली ज्वारी गहू होते का?" तरी बदलून पाहिलं, आणि नाही चालली तसं वहीत लिहून ठेवलं.

मग तिला समजलं, की चित्रं ज्या नव्या पद्धतीने आवळून भरली होती ती पद्धत बाईंचा पंधरा वर्षांचा प्लेअर शिकलेलाच नाही. त्याला ती उलगडून, सिनेमाच्या खऱ्या डीव्हीडीसारखी मांडून द्यायला हवीत. त्यासाठी फुकटातला एक प्रोग्राम तिने शोधला. एकेका संमेलनाला लॅपटॉप तीन-तीन तास घ्यायचा. त्याची बॅटरी मेलेली, त्यामुळे लाइन गेली की सगळं पहिल्यापासून. दोनदा असं झालं, तिसऱ्यांदा मी म्हटलं सोड आता. ती म्हणाली, "तुम्ही चहा मांडा." मी मांडला. चालू झालेली पहिली डिस्क मधेच अडखळत होती, तर हिने अंदाज केला की आपण घाईने भरली. सगळ्यात कमी वेगावर पुन्हा भरली आणि ती गुळगुळीत चालली. वाया गेलेल्या सात डिस्का मी वांग्यात टांगल्या आहेत, पाखरं फिरकत नाहीत.

रविवारी सकाळी बाईंच्या घरी गेलो. आईने वायरी जोडल्या, डिस्क आत गेली, घर्रर्र झालं, आणि पडद्यावर शाळेचं पटांगण आलं. बाई पुढे सरकल्या. एकेका पोराचं नाव घेऊ लागल्या, बापासकट, कोण कुठल्या बाकावर बसायचं त्यासकट. दुसरीतली तू आलीस, कोळणीच्या वेशात, नाच विसरून मधेच उभी राहिलेली. बाई हसल्या आणि रडल्याही. दीड तास कुणी जागचं हललं नाही. संपल्यावर त्यांनी चाचपडत तुझ्या आईचा हात धरला आणि म्हणाल्या, "चांगुणा, मी तुहा फॉर्म उगाच नव्हता भरला वं." आई वायरी सोडवू लागली. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो.

बाई आता अमरावतीला गेल्या, अकरा संमेलनं सोबत घेऊन. इकडे पार वरवट बकाल गावापासून लोक लग्नाच्या सीड्या घेऊन येतात. "चांगुणाताई हायेत का?" असं विचारतात. मला कुणी विचारत नाही, आणि खरं सांगतो, दारात उभा राहून "हाव, हायेत" म्हणताना माझी छाती फुगते.

आता तो फॉर्म. आईला शिक्षणाची आवड नव्हती, दहावीनंतर तिनेच सोडलं, असं मी तुला लहानपणापासून सांगत आलो. ते खोटं आहे. बाईंनी तिचा आयटीआयचा फॉर्म भरला होता, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा. आमच्या लग्नाला दोन महिने झाले होते तेव्हा तिचा नंबर लागल्याचं पत्र आलं. तिने ते माझ्या हातात दिलं. मी वाचलं, आणि बाईमाणसाचं काम नाही म्हणून परत दिलं. ना भांडण झालं, ना रडारड. त्या दिवशी तिने भाकरी केल्या आणि मी जेवलो. तू इंजिनिअर झालीस तेव्हा गावासमोर मी म्हणालो, पोरीने बापाचं डोकं घेतलं. आई तिथेच बसली होती. बाई गेल्या त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, चांगुणा, माझं चुकलं. ती मिरच्यांचे देठ काढत होती. म्हणाली, "मले काऊन सांगता? मी तं तिथंच होती. पोरीले सांगा." म्हणून हे पत्र.

तुझाच, उशिरा खरं बोलणारा,
बाबा