वैशाखऱ्याच्या पुढचा घाट

आबा,

आलेला माल असा. जपानहून रेडिएटर एक, अ‍ॅल्युमिनियमचा, जुन्याच्या दीडपट जाड, बावीस हजार सातशे. त्यावर जकात आणि वाहतूक मिळून नऊ हजार तीनशे, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. विजेवर फिरणारा पंखा एक, ठाण्याहून, चार हजार. रबरी नळ्या दोन, अठराशे. रेडिएटरचं झाकण एक, सातशे पन्नास. एवढ्याशा झाकणाला सातशे पन्नास, आबा, तेवढ्यात आमच्या घरी महिन्याचं तेल येतं. खोकं ओट्यावर आलं तेव्हा मी हात धुतले, देवापुढे दिवा लावला आणि मग भाजीच्या सुरीनं वरची पट्टी कापली. शेजारच्या दारातून जाऊबाई बघत होत्या. "काय गो, नवा मिक्सर?" म्हणाल्या. म्हटलं, गाडीचं आहे. "परत? त्या म्हातारीच्या अंगावर अजून किती दागिने घालशील?" मी म्हटलं, हा शेवटचा. त्या हसल्या, कारण मागच्या चार खोक्यांनाही मी हेच म्हटलं होतं.

गाडी तीच, शेठची. लाल, दोन दारांची, दोनच माणसांची, रस्त्यावर पोट टेकल्यासारखी बसकी. शेठच्या भावानं परदेशातून बोटीनं पाठवलेली जपानी गाडी, मुरबाड तालुक्यात तशी दुसरी नव्हती. शेठ शनिवार-रविवारी बंगल्यावर यायचे, उरलेले पाच दिवस ती तुमची. आपली खोली बंगल्याच्या मागे, तिच्या शेडला लागून. अजून मला ती सकाळ दिसते. मी दप्तर घेऊन उभी आहे, तुम्ही पुढचं झाकण वर करता, आतलं गोल बूच पिळून काढता आणि तांब्यातून धार सोडता. मी विचारते, हिला भूक नाही का लागत? तुम्ही म्हणता, "नाय गो बाय. हिला तहान लागते. घाट चढायचा म्हणजे लय तहान लागते हिला." मग फडक्यानं तोंड पुसल्यासारखं बूच पुसता आणि परत पिळून बसवता. त्या बुचाला तोंड म्हणायला मला तुम्हीच शिकवलंत, असं मी मनाशी बरीच वर्षं म्हणत आले. म्हणजे दोष तुमच्याकडे थोडासा सरकतो.

त्या दसऱ्याला मी दहा वर्षांची होते. आईनं देवाला नैवेद्य दाखवला, गाईला घास दिला, विळ्या-कोयत्याला हळदकुंकू लावून भाताची शितं चिकटवली. तुम्ही गाडी धुतली, हार घातला, चाकाशी नारळ फोडला आणि हात जोडलेत. मला ते पटलं नाही. गाईला घास, कोयत्याला घास, आणि सगळ्यांत राबणाऱ्या हिला नुसती फुलं? तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी पाट ओढला, वर चढले, पुढचं झाकण वर केलं, बूच पिळून काढलं. ताटातल्या कुंकवाच्या अक्षता दोन मुठी आणि वर नारळाचं उरलेलं पाणी, सगळं तिच्या तोंडात घातलं. बूच पुसलं सुद्धा, तुमच्यासारखं. ताट रिकामं बघून आईनं विचारलं, अक्षता कुठं गेल्या? म्हटलं, वाहिल्या. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेठना माळशेज घाटापलीकडे जायचं होतं. तुम्ही चालवत होता, ते शेजारी. वैशाखऱ्याला, घाट सुरू व्हायच्या आधीच, गाडीनं वाफ सोडली. त्या वाफेत माझा तांदूळ शिजला असणार. चहाच्या हॉटेलासमोर, पंधरा-वीस माणसांत शेठ तुम्हाला म्हणाले, "इतकी वर्षं गाडी चालवतोस आणि पाणी बघायची अक्कल नाही तुला?" तुम्ही म्हणालात, चूक झाली शेठ. हे तुम्ही घरी सांगितलं नाही. हॉटेलवाल्यानं मुरबाडच्या बाजारात आईला सांगितलं, आईनं पीठ मळता मळता मला. टेम्पोला बांधून गाडी परत आली. दुपारी तुम्ही शेडमध्ये गोणपाट अंथरलं आणि गाडीखालचा, रेडिएटरच्या पाण्याचा नळ सोडलात. मी कुडाच्या फटीतून बघत होते. तुम्ही वाकून बोटानं काहीतरी उचललंत, आणि मी पळाले. काय उचललंत ते बघायला थांबले नाही.

इंजिनाचं वरचं डोकं तापून वाकलं होतं. शेठनी मुंबईहून दुसरी गाडी आणली, तिच्याबरोबर दुसरा ड्रायव्हर आला. तुमच्या हातात स्टिअरिंगच्या जागी झारी आली. पुढची नऊ वर्षं तुम्ही कलमांना पाणी घातलंत. त्या दिवाळीत मी बाळकृष्णाच्या तोंडाशी करंजी दाबत होते. तुम्ही दारातून म्हणालात, "देवाला ठेवायचं ते पायाशी ठेवावं, बाय. तोंडात कोंबायचं नाय." एवढंच. रागही नव्हता त्यात. मी ती करंजी पायाशी ठेवली, आणि तुम्ही देवाबद्दल बोललात की गाडीबद्दल हे मी लग्न होईपर्यंत, आणि नंतरही, कधी विचारलं नाही. बंगला विकताना शेठ म्हणाले, ही लोखंडाची पेटी घेऊन जा, कागदपत्रांसकट. तुम्ही गाडी गोठ्यात ठेवलीत आणि वर ताडपत्री बांधलीत. तुम्ही गेल्यावरही ताडपत्री तशीच राहिली.

अकरा वर्षांपूर्वी दादाचा फोन आला. भंगारवाला दारात उभा आहे, किलोवर देतोय, तुझी हरकत नाही ना? मी म्हटलं, मी आल्याशिवाय काटा लावू देऊ नकोस, आणि शहापूरहून मिळेल त्या गाडीनं निघाले. शेवटचं बघावं म्हणून आत बसले. पुढचा कप्पा उघडला तर त्यात आगपेटी, देवाच्या लाल दोऱ्यानं बांधलेली. आत तांदूळ. फुगून वाळलेले, चिरलेले, आणि प्रत्येक चिरेत कुंकवाची बारीक रेघ. दादा म्हणाला, काय गो, सोनं सापडलं? म्हटलं, ही नाय द्यायची. तो म्हणाला, मग घेऊन जा, भाऊबीज समज. तेव्हापासून त्यानं मला भाऊबीजेला साडी घेतलेली नाही. विचारलं की म्हणतो, तुला गाडी दिलीय ना.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं, आबा. "चूक पोरीची" एवढं म्हटलं असतंत तर शेठ कदाचित हसले असते आणि झारी हातात आली नसती. तुम्ही म्हटलं नाही. मी आगपेटी परत बांधली आणि ठरवलं की ही गाडी माळशेजच्या माथ्यावर जाईल, आणि मी नेईन. का ते यजमानांना मी सांगितलं नाही. ते भातसानगरला धरणावर नोकरीला होते, पाण्याच्या दारांत उभा जन्म गेला, सहसा उलट प्रश्न करत नाहीत. एवढंच म्हणाले, "घरखर्चाला हात लावू नकोस म्हणजे झालं." लावला नाही. पापड, कुरडया, तांदळाच्या फेण्या, गणपतीत मोदकांचं पीठ, जे विकलं ते तिचं, वेगळ्या वहीत मांडलेलं.

सापगावचे मिस्तरी ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतात. पहिल्यांदा त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "ताई, हिचं श्राद्ध घाला." मी म्हटलं, इंजिन उघडून बघा, मग काय घालायचं ते मी ठरवीन. त्यांनी उघडलं. आत इंजिन इतकं जपलेलं होतं की ते म्हणाले, "हिचा ड्रायव्हर कोन होता? मानूस हुशार." आबा, मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, माझे वडील. त्या दिवशी ते वाकलेलं डोकं घासून सरळ करायला दिलं. पुढच्या वर्षी पिस्टनच्या रिंगा. मग दोन वर्षं काही नाही, मुलीचं लग्न होतं. मग पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, कारण मिस्तरी म्हणाले की चढायचं नंतर बघू, उतरायची सोय आधी करा. मग चार टायर. मग पाच गिअरची पेटी, जपानहून एका मोडलेल्या गाडीची, तिला तर मी ओवाळलंच. आरटीओत पुन्हा पासिंगला गेले तेव्हा साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, मालक कुठंय? म्हटलं, समोर उभी आहे.

गाडी चालवायला मी बेचाळिसाव्या वर्षी शिकले, शहापूरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. शिकवणारा म्हणायचा, "मावशी, क्लच आहे तो, पोळीचं पीठ नाय, हळू दाबा." गेल्या वर्षी पुण्याहून एक जण आला आणि ओट्यावर बसून नऊ लाख म्हणाला. यजमानांच्या हातातला कप थांबला. मी त्या माणसाला दुसरा चहा दिला, फेण्यांचं पाकीट दिलं आणि नाही म्हटलं. तो गेल्यावर यजमान बराच वेळ वर्तमानपत्र धरून बसले. ते उलटं होतं. मग म्हणाले, "रेडिएटर तेवढा राहिलाय ना?" त्यांच्याशी संसार केला याचं मला त्या दिवशी बरं वाटलं.

या दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, अक्षता वाहिल्या, चाकाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान आणि मी निघालो. तोच दिवस घ्यायचा होता. मिस्तरींनी बजावलं होतं, "ताई, गरमीचा काटा अर्ध्यावर थांबला पायजे. वर सरकला की बाजूला घ्यायची, बंद करायची, आनि झाकनाला हात लावायचा नाय." किन्हवली, सरळगाव, टोकावडे. दोन्ही बाजूंना भात पिवळा पडलेला, कुठे कुठे कापणीला लागलेला. वैशाखऱ्याला मी गाडी थांबवली. चहाचं हॉटेल आता पक्कं झालंय, गल्ल्यावर त्या माणसाचा नातू असावा. मी चहा प्यायले नाही, नुसती उभी राहिले, तुम्ही उभे होता तिथे. यजमान म्हणाले, काही बिघडलं का? म्हटलं, नाही, आता नाही.

तिसऱ्या वळणावर पुढे मालानं भरलेला ट्रक आला. ओलांडता येईना, दुसऱ्या गिअरवर मुंगीसारखं जायचं. काटा अर्ध्यावरून हलला. एक रेघ वर. आणखी अर्धी. यजमान अथर्वशीर्ष म्हणायला लागले, त्यांना ते अर्धंच येतं, अर्ध्यावर आले की पहिल्यापासून सुरू. माझे हात घामानं स्टिअरिंगवर सरकत होते आणि मला गोणपाटावर वाकलेली तुमची पाठ दिसत होती. वाटलं, बाजूला घ्यावी. बाजूला घेतली असती तर मी तिला पुन्हा चढवली नसती, हे मला माहीत होतं. एवढ्यात पुढे कट् असा आवाज झाला आणि पंखा फिरायला लागला. चार हजाराचा. काटा थांबला, जरा थरथरला, आणि उतरला. खाली आला आबा, बरोबर अर्ध्यावर, आणि तिथेच राहिला. ट्रकवाल्यानं हात बाहेर काढून वाट दिली. मी गिअर टाकला आणि ती अशी निघाली की यजमानांचं अथर्वशीर्ष पहिल्यांदाच अर्ध्याच्या पुढे गेलं.

बोगदा ओलांडून माथ्यावर गाडी लावली. ढग खाली होते. कणसं भाजणारी बाई उठून आली, गाडीकडे बघितलं, माझ्या नऊवारीकडे बघितलं. "तुमी चालवली?" म्हणाली. म्हटलं, मग काय ढकलत आणली? ती इतकी हसली की एक कणीस फुकट दिलं. ते मी वहीत मांडलं आहे, जमेच्या बाजूला. अर्ध्या तासानं, गाडी पूर्ण निवल्यावर, ते सातशे पन्नासचं झाकण मी पिळून काढलं. आत बघितलं. पाणी निर्मळ होतं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून घडी करून पुढच्या कप्प्यात ठेवते, आगपेटीच्या शेजारी. एक कबूल करायचं राहिलं. घाट उतरून वैशाखरे मागे पडलं आणि सरळ रस्ता लागला, तेव्हा वेगाचा काटा ऐंशीवर होता. वहीत मी चाळीस लिहिलंय, यजमान वाचतात म्हणून. ते शेजारी बसले होते आणि डोळे मिटून होते, तरी. आता एवढंच सांगा. आगपेटीतले दाणे ठेवू, की पुढच्या खेपेला माथ्यावर पाखरांना घालू? ते तुम्ही उचललेत, तुम्ही सांगाल तसं करीन. घर बदललेलं नाही, गाडी दारातच उभी असते, लाल, लांबून ओळखू येईल. उलट टपाली दोन ओळी लिहा. दिवाळीच्या आत मिळाल्या तर बरं, दिवाळीत मी परत घाट चढणार आहे.