न कापलेला मका

१२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

बांधाकडच्या सहा ओळी मका न कापता ससे-तितरांसाठी उभा ठेवणार आहेस म्हणे. वा! बायको गेल्यापासून स्वतःसाठी धड चूल पेटवत नाहीस, आणि रानाला जेवणाचं आमंत्रण! तसल्या गुडघ्यानं एकटा किती दिवस काढणार? कापणी उरक, जनावरं शेजाऱ्याकडे सोपव आणि इकडे ये. मुलाचं घर मोठं आहे. माझी स्वतंत्र खोली आहे, खिडकीसकट. तिथेच तुझी खाट टाकू.

नाइलाजानं माया करणारी,
ताई

२ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पाहुणे पानावर असताना यजमानानं उठायचं कसं? इथली तऱ्हा ऐक. कणसं ठेवली रानातल्या जनावरांसाठी. तर आपल्या शेळ्या गोठ्यातली वैरण सोडून त्या ओळींत चरतात, आणि एक हरिण पहाटे गोठ्यात शिरून गाईची वैरण खातं. गाय काही म्हणत नाही. तिला माझ्यापेक्षा बरी सोबत मिळाली आहे. तितर मात्र शहाणे. मक्याच्या ताटांच्या बुडाशी दडून बसतात, तिथे वारा लागत नाही. तेव्हा थंडी सरेपर्यंत कापणी नाही. गुडघा मजेत आहे, त्रास फक्त मला होतो.

तुझा लोभ जपून ठेवतो. गोठ्यात ठेवला तर हरिण तोही खाईल.

तुझा,
धाकटा

२० नोव्हेंबर

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

थंडी सरली की पेरणी, पेरणी झाली की पाखरांची अंडी. तुझ्या सबबींचं पीक बारमाही आहे! इथे सगळं छान. नातीला अभ्यासाला शांतता हवी, म्हणून माझी खोली तिला दिली. मीच म्हटलं, घे. आता शिवणाच्या मशीनशेजारी झोपते. सूनबाईचं काम चालू असतं, तिचा काय दोष? तू आलास की तुझंही जमवू. घरात सगळे आपापल्या कामात, बोलायला माणूस मिळत नाही. तू येच.

रागावलेली,
ताई

९ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

परवाच्या वादळात गाभण शेळी हरवली. ती गेलीच, असं धरून मी लंगडत शोधायला निघालो. बाई मक्याच्या ओळींत आरामात बसल्या होत्या, पोटाशी दोन कोरडी ठणठणीत करडं, आणि हातभर अंतरावर तितरांचा थवा. कुणी कुणाला उठवत नव्हतं. मी तिथेच मटकन बसलो आणि रडलो. शेळीसाठी नव्हे, ताई. फार एकटं वाटतं गं.

तू मला बोलावते आहेस, की मशीनशेजारी तुलाच कुणीतरी हवं आहे? तूच इकडे ये. जागा पुष्कळ आहे, आणि आपण भांडायला मोकळे.

वाट पाहणारा,
धाकटा

१६ डिसेंबर

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

फार अक्कल आली तुला! मला इथे कुणी काही कमी करत नाही. पण तुला सांभाळायला कुणी नको का, म्हणून शुक्रवारी दुपारच्या गाडीनं येते. मका कापू नकोस, मला ती करडं तिथेच बघायची आहेत. स्टँडवर लंगडत येऊ नकोस.

मुलाला म्हटलं, काही दिवस धाकट्याकडे जाऊन येते. गुणी पोरगा, तासाभरात तिकीट घेऊन आला. परतीचं काढायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

तुझीच,
ताई