दबक्या आवाजातली प्रार्थना

वेस्टरडाल, आयोवा
२ सप्टेंबर २०१४

चि. मर्ल यास,
प्रभूत अनेक आशीर्वाद, वि. वि.

सत्तरी गाठलीस तरी मोठ्या बहिणीच्या पत्रात तू चि.च राहणार, त्याला इलाज नाही. डार्लीनचा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. तिला सांग, अरिझोनाचं ऊन निवडुंगांसाठी आहे, माणसाने घरात गारव्याला बसावं.

आपल्या चर्चच्या मंडळीचं शरदातलं मासेजेवण अकरा ऑक्टोबरच्या शनिवारी ठरलं. तू दरवर्षीप्रमाणे आठवडाभर आधी येणार, बटाटे सोलणार आणि सोलताना कुरकुर करणार, असं मी धरून चालले आहे. डार्लीनला प्रवास झेपत नसेल तर एकटा ये.

एक गोष्ट मात्र आधी कानावर घालते, म्हणजे इथे येऊन तोंड वाकडं करायला नको. ऑर्विलकाका ईस्टरच्या सुमारास गेले. ताटावर बसताना नॉर्वेजियन प्रार्थना मंडळीतल्या सर्वांत वडील सभासदाने म्हणायची, हा आपला नेम. आधी आई म्हणायची, मग काका. यंदा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीच समितीत सांगितलं की पाळी माझी नाही, म्यू पॉ आजींची आहे. त्या एकोणनव्वद वर्षांच्या आहेत.

तुला आठवत असतील. बर्मातून पळालेली आणि थायलंडच्या छावणीत वर्षानुवर्षं काढून इथे टर्कीच्या कारखान्यात कामाला लागलेली करेन कुटुंबं पेंटेकॉस्टच्या सणाला आपल्या मंडळीत रीतसर सामील झाली, त्यांतल्या त्या. सभासद म्हणजे सभासद. माणसाचे आजोबा नॉर्वेतूनच आलेले हवेत असं नेमात कुठे नाही. मी हे बोलल्यावर बराच वेळ सगळ्यांचे चमचे कॉफीच्या कपात फिरत राहिले. मग पाळकबाई म्हणाल्या की आर्डिसचं बरोबर आहे, आणि विषय मिटला.

येण्याचा दिवस कळव. लोभ आहेच, तो आपल्या सुक्या माशासारखा टिकावा.

तुझी,
आर्डिस


मेसा, अरिझोना
९ सप्टेंबर २०१४

ती. स्व. आर्डिसताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तू चेष्टा करते आहेस.

माझ्या मनात कुणाबद्दल वाकडं नाही, हे तुला माहीत आहे. लोकांनी यावं, कष्ट करावेत, पोरंबाळं शिकवावीत. पण ज्या देशात यायचं त्या देशाचं होऊन राहायचं. मी या देशाचा गणवेश अंगावर घातलाय. वेदीशेजारचा तो झेंडा मी आणि ऑर्विलकाकांनी मिळून उभा केला, तो नुसता शोभेचा नाही. आपले आजोबा इथे आले तेव्हा त्यांनी इंग्रजी शिकून घेतलीच ना? कुणी त्यांच्यासाठी दुभाषा ठेवला नव्हता. आणि ही बाई चार वर्षांत साधं हवापाण्याचं इंग्रजी बोलत नाही, आणि तिने आपली नॉर्वेजियन प्रार्थना म्हणायची? देवाची ओळख झाली म्हणजे लगेच यजमानाच्या खुर्चीत बसायचं, असं नसतं.

शिवाय मागच्या वर्षी आलो तेव्हा तळघरातल्या त्यांच्या त्या आंबवलेल्या माशाचा वास जिन्यापर्यंत येत होता. मी तेव्हा काही बोललो नाही, आता बोलतो.

खरं सांगायचं तर बाकीचं सगळं सोड. आईच्या जागी परकं माणूस उभं राहिलेलं मला बघवणार नाही. यंदा मी येत नाही. बटाटे दुसऱ्या कुणाकडून सोलून घे.

डार्लीन सलाम सांगते आणि माझं चुकतंय असंही सांगते. तिचं मत तिच्यापाशी. लोभ ठेव, रागावलीस तरी ठेव.

तुझा भाऊ,
मर्ल


वेस्टरडाल
१५ सप्टेंबर २०१४

चि. मर्ल यास,
आशीर्वाद, वि. वि.

रागावले, आणि लोभही ठेवला आहे. एका पोटात दोन्ही मावतं.

आधी तुझ्या वकिलीचा निकाल लावते. त्यांनी इंग्रजी शिकलं पाहिजे, कारण हा अमेरिका देश आहे; आणि प्रार्थना मात्र नॉर्वेजियनच हवी, कारण हा अमेरिका देश आहे. हे तुझं तू एकदा मोठ्याने वाच आणि डार्लीनचा चेहरा बघ. वासाबद्दल म्हणशील, तर राखेच्या खारात भिजून थलथलीत झालेला मासा वर्षातून एकदा आनंदाने खाणाऱ्या घराण्यात आपला जन्म झाला. दुसऱ्याच्या माशाला नाक मुरडायचा हक्क आपल्याला देवाने दिलेला नाही.

आणि देवाची ओळख त्यांना काल-परवा झाली असं समजू नकोस. आपल्याच देशातले मिशनरी तिकडे गेले होते. म्यू पॉ आजींच्या पणजोबांच्या झोपडीत बायबल वाचलं जात होतं तेव्हा आपलं देऊळ बांधायचं होतं, आपले पणजोबा अजून नॉर्वेत दगड वेचत होते. उशिरा कोण आलं, याचा हिशेब तूच मांड.

आता खरी अडचण. दर मंगळवारी आजी देवळाच्या स्वयंपाकघरात येतात, सोबत त्यांची नात एह पॉ. नात परिचारिकेचं शिक्षण घेते आणि दुभाषाचं काम करते. मी प्रार्थना सांगते, आजी पाठ करतात, आणि हात रिकामे नकोत म्हणून दोघी बटाट्याच्या पोळ्या लाटतो. त्यांची पोळी माझ्यापेक्षा पातळ होते. हे मी फक्त तुला सांगते आहे, समितीत बोलू नकोस.

प्रार्थना पाठ झालीसुद्धा. पण आजी अडून बसल्या. लहानपणी शाळेत त्यांच्याकडून इंग्रजी प्रार्थना घोकून घेतली होती, अर्थ न सांगता. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की पुन्हा देवाशी बोलायचं तर आपण काय बोलतोय ते आपल्याला कळलं पाहिजे. मला अर्थ विचारला. मर्ल, मला सांगता येईना. जन्मभर म्हणत आले, आणि गोळाबेरीज जेवणाबद्दल आहे यापलीकडे काही माहीत नाही. मला शरम वाटली.

दुसरा प्रश्न त्याहून पंचाईतीचा. त्यांनी विचारलं, तुम्ही सगळे ही प्रार्थना इतकी हळू का पुटपुटता, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय का? मी म्हटलं की नॉर्वेची माणसं भिडस्त, देवासमोरही आवाज चढवत नाहीत. एह पॉने ते सांगितलं, आजींनी मान हलवली, पण पटलं नाही हे दिसत होतं.

शेवटच्या दिवसांत आईजवळ तू बसायचास, मी मुलांमध्ये अडकलेली. तुला ती काही बोलली असेल तर लिही. यायचं नसेल तर नको येऊस, निदान एवढं तरी कर. घरातले आपण दोघेच उरलो आहोत, आणि यंदा जेवणाला तू नसलास तर मला तो मासा गिळवणार नाही. हे खरं म्हणून लिहिलं, लाडीगोडी म्हणून नाही.

लोभाची तुझ्याकडे बाकी आहे, ती पाठव.

तुझी,
आर्डिस


मेसा
२४ सप्टेंबर २०१४

ती. स्व. ताईस,
सलाम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहायला बसलो आणि उठलो.

अर्थ सोपा आहे. येशूच्या नावाने ताटावर बसतो, तू दिलेलं खातो, मान तुझा आणि भलं आमचं. लहानपणी त्यातला एक शब्द म्हणजे लोणी, अशी माझी पक्की समजूत होती, कारण तो शब्द झाला की आई लोण्याची बशी पुढे करायची. आईला हे तिच्या शेवटच्या दिवसांत सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की खोकला लागला आणि नर्स धावत आली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिनेच दिलं होतं. ते मी तुला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

आई सहा वर्षांची असताना पहिलं महायुद्ध चालू होतं. राज्यात फर्मान निघालं की चारचौघांत इंग्रजीखेरीज बोलायचं नाही, फोनवर नाही, शाळेत नाही, देवळातही नाही. जो बोलेल तो देशाचा नाही. त्या शरदातही आपल्या मंडळीचं जेवण झालं. गुद्रुनआजीला इंग्रजीत प्रार्थना येत नव्हती, आणि प्रार्थनेवाचून ती घास घेईना. मग बायका स्वयंपाकघरात शिरल्या, दार लावलं आणि अगदी दबक्या आवाजात ती प्रार्थना म्हटली. कुणी येतंय का ते बघायला दाराबाहेर आईला उभं केलं होतं. आई म्हणाली, भीतीने तिचे मोजे ओले झाले. पुढे फर्मान गेलं, दार उघडलं, पण आवाज काही कुणी वाढवला नाही. आपण त्यालाच रीत समजलो.

म्हणजे आजोबा इंग्रजी शिकले हे खरं. पण आजी कधीच शिकली नाही, तिच्या नातवंडांना, म्हणजे आपल्याला, तिचं बोलणं कळायचं नाही. हे लिहिताना लक्षात आलं. डार्लीन पाठीमागून वाचत होती. तिने पुढे वाकून त्याच ओळीवर बोट ठेवलं.

यायचं मी अजून ठरवलेलं नाही. त्या आजींना अर्थ सांग. लोभ असू दे.

मर्ल


वेस्टरडाल
३० सप्टेंबर २०१४

चि. मर्ल यास,
आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मी आज स्वयंपाकघरातच वाचून दाखवलं. एह पॉ वाक्यावाक्याला मला थांबवून आजींना सांगत होती. लोण्याच्या ठिकाणी आजी पोट धरून हसल्या. दाराबाहेर उभ्या केलेल्या पोरीचा भाग आला तसं त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, जेवढं नातीकडून कळलं तेवढं. सैन्य गावाजवळून जायचं तेव्हा त्या मुलांना घेऊन रानात लपायच्या आणि तिथे ओठ न हलवता प्रार्थना करायच्या. तान्ह्या पोराच्या तोंडावर हात ठेवून. त्या म्हणाल्या की हळू आवाजातली प्रार्थना मला पुरे झाली, देवालाही कान ताणून कंटाळा आला असेल. तुमच्या आजीला या स्वयंपाकघरात घाबरावं लागलं, त्या बाईची प्रार्थना मी आता म्हणणार, आणि बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जाईल अशी म्हणणार. तुमच्या भावाची हरकत आहे का, हेही विचारलं. मी कधी सांगितलं नव्हतं, पण देवळात गोष्टी पसरतातच.

मी म्हटलं की त्याचं त्यालाच विचारा, तो आला तर. बटाटे सोलायची सुरी धार लावून ठेवली आहे.

लोभ आहे, त्याला धारेची गरज नाही.

आर्डिस


मेसा
१७ ऑक्टोबर २०१४

ती. स्व. ताईस,
प्रभूत सप्रेम सलाम, वि. वि.

सुखरूप पोचलो. विमानात शेजारचा माणूस दोनदा हुंगून दुसऱ्या जागेवर जाऊन बसला. कोट डार्लीनने अंगणात टांगला आहे.

तो वास आपला, हे आता मान्य करतो. तुला एह पॉने सांगितलं असेलच, पण माझ्या तोंडून ऐक. त्या दिवशी दुपारी जिन्यातच मी नाक धरलं आणि तिला म्हटलं, तुमच्या लोकांना निदान आजच्या दिवस तरी तो मासा शिजवू नये असं वाटलं नाही का. ती फार अदबीने म्हणाली की सर, आमचा मासा डब्यात बंद आहे, हा तुमचा आहे. त्यानंतर मी निमूट बटाटे सोलले.

प्रार्थनेच्या वेळी तू स्वयंपाकघरात माशाजवळ होतीस, दार ढकललेलं. म्हणून तुला दिसलं नाही ते लिहितो. पाळकबाईंनी खूण केली तशा आजी उठल्या. केवढीशी बाई, खुर्चीच्या पाठीएवढी. लाल विणीचा झगा आणि त्यावर तुझा राखाडी स्वेटर. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि सवयीने पुटपुटायला लागले. आजींनी पहिला शब्द उच्चारला तो असा, की कॉफीच्या किटलीचं झाकण वाजलं. सगळे गप्प झाले. आपली प्रार्थना मी त्या दिवशी पहिल्यांदा धडपणे ऐकली. उच्चार आपल्यापेक्षा चांगले नव्हते आणि वाईटही नव्हते.

दुसऱ्या ओळीला त्या अडल्या. विसरल्या नव्हत्या. थांबल्या आणि सरळ माझ्याकडे बघू लागल्या, मला ओळखत नसताना. तू खूण सांगून ठेवली असणार, कानांची. मी उठलो. ताई, मला आवाज काढता येईना. या वयात, गणवेश घातलेला माणूस, आणि कुणीतरी बाहेरून ऐकेल असं मला वाटलं. खरोखर वाटलं. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, तिथे सहा वर्षांची आई उभी असेल असं मनात आलं, आणि मग मी ओरडलोच. लोण्याच्या शब्दाला तर छत फुटलं असतं. आजींनी लोण्याची बशी उचलून माझ्यापुढे धरली आणि सगळे हसले, तो हशा तू ऐकला असशील. मी का रडत होतो ते आजींना कळलं, बाकी कुणाला नाही.

आई ज्या जागी उभी राहायची तिथेच त्या होत्या. मला बघवलं.

निघताना त्यांनी माझा हात धरला आणि नातीकरवी विचारलं की तुम्ही कोणत्या मंडळीचे. मी मेसाचं नाव सांगणार होतो. तिथे छान पंखे आहेत आणि माझ्या जेवणाशी कुणाला काही देणंघेणं नाही. पण तोंडातून वेस्टरडाल निघालं. तेव्हा पाळकबाईंना सांग, माझं नाव पुन्हा आपल्या सभासदांत घालावं. वयाने आजी पहिल्या, तू दुसरी, मग मी. माझी पाळी येईपर्यंत थांबायची माझी तयारी आहे, दोघींनीही घाई करू नये.

आणि मंगळवारी त्या आल्या की एक विचारून ठेव, त्यांच्या भाषेत ताटावर बसताना काय म्हणतात. अर्थासकट लिहून पाठव. पुढच्या वर्षी मी त्यांच्या शेजारी बसणार आहे, आणि त्यांची प्रार्थना पुटपुटणार नाही.

लोभ वाढला आहे, कोटाचा वास मात्र जात नाही.

तुझा चि.,
मर्ल