अंगठा आणि दोनशे चौदा वैद्य

तीर्थरूप ब्लासिदाताईस,

धाकट्या एलिहियोचा वाकून नमस्कार (वाकणं सध्या मनातल्या मनातच, कारण पुढे कळेल). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींच्या घोरण्याबद्दल शेजाऱ्यांनी अजून पोलिसांत तक्रार दिली नाही ना? इकडे व्हिल्यारिकात सगळं खुशाल आहे, एक माझ्या उजव्या पायाचा अंगठा सोडून. नवी चप्पल चावली, त्याला पाच आठवडे झाले. चप्पल आता छान सैल झाली आहे, जखम मात्र बुजायचं नाव घेत नाही.

तू म्हणशील, गावातले डॉक्टर काय मेले होते? मेले नव्हते. पण पहाटे रांग लावून एका पोरसवद्या डॉक्टरकडून ‘काका, जिभेवर ताबा ठेवा’ असं ऐकून घेण्यापेक्षा मी अंगठ्याचा फोटो मोबाइलवर गावाच्या गटात टाकला. संध्याकाळपर्यंत दोनशे चौदा उत्तरं आली. स्वतःच्या फोटोऐवजी ट्रॅक्टरचा फोटो लावणाऱ्या एका गृहस्थांनी संधिवात ठरवला. ब्वेनोस आयरेसला घरकाम करणाऱ्या आपल्याकडच्या एका बाईंनी दृष्ट लागल्याचं निदान केलं. एकानं मागची फरशी कुठून घेतली ते विचारलं. एका आगाऊ बाईनं तेवढं ‘साखर तपासलीत का?’ असं लिहिलं. तिला मी गुपचूप ब्लॉक करून टाकलं. बाकी प्रत्येकानं आपापली पाळंमुळं सुचवली, तेरेरेच्या गार काढ्यात टाकून प्यायला. आपल्यात तेरेरे पिताना ‘आभारी आहे’ म्हटलं की पुढचा पेला येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी गटावर चारदा आभार मानले, तरी ही मंडळी ओततच राहिली.

शेवटी कुणाचं मन मोडू नये म्हणून बाजारात पाळंमुळं विकणाऱ्या विल्फ्रिदाबाईंकडे गेलो आणि अकरा प्रकारच्या मुळ्या मागितल्या. त्या खलबत्त्यात कुटता कुटता थांबल्या. म्हणाल्या, “एलिहियो, घोडा आजारी आहे का रे?” मी म्हटलं, “अंगठा.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की अंगठा सोडून बाकीचं सगळंच बिघडलेलं असावं.

शनिवारी आंब्याखाली नेहमीची बैठक. सिरिलो आणि फ्रेतेस बंधू मिळून आम्ही चौघं, शिंगाचा पेला एक, नळी एक. बर्फाच्या पाण्यात अकराही मुळ्या घातल्या. वाढणारा मी, म्हणून रीतीप्रमाणे पहिला पेला माझा. सासू गेल्यावर नवव्या दिवसाच्या प्रार्थनेलासुद्धा बारा पेले रिचवणारा आपला सिरिलो, दुसऱ्या पेल्यालाच ‘आभारी आहे’ म्हणून उठला आणि कुंपण धरून चालू लागला. पाठोपाठ धाकटा फ्रेतेस. ताई, घरात संडास एक आणि उमेदवार चार; त्यातला मी लंगडा. तू नर्स होतीस, पुढची कल्पना तूच कर. जुनी मैत्री त्या दुपारी तुटायची राहिली, एवढंच. सिरिलो परसातल्या केळीच्या आडून ओरडला, “तुझ्या अंगठ्याला माझे वीस वर्षांचे आभार सांग.”

असो. गटातून मी बाहेर पडलो आहे. अंगठ्याबद्दल आता मला मुळीच काळजी नाही, तेव्हा तूही करू नयेस.

तुझा,
एलिहियो

ता. क. गुरुवारी सकाळी डॉक्टरकडे नंबर लावला आहे, तुझ्या नावानं. विल्फ्रिदाबाईंना आणि सगळ्यांना सांगून ठेवलंय की बहिणीला दाखवायला नेतोय. तू आजारी दिसत आत जा, मी सोबतीला येतो. दार लागलं की खुर्ची बदलू.

ता. ता. क. काल किटलीतलं उकळतं पाणी त्याच अंगठ्यावर सांडलं. बायको किंचाळली, तेव्हा मला कळलं. गुरुवारची वाट पाहू नकोस, पत्र मिळताच पहिली बस धर.